सुरू न होणाऱ्या डेटाबेसचं आधी ऐका

मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसला ओरॅकलने दिलेली मुदत एप्रिल २०२६ मध्ये संपली. यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, तेव्हा ८.४ वर जा, असं सांगणाऱ्या बातम्या येऊन गेल्या. त्यांत एक गोष्ट राहून गेली. आवृत्ती बदलायची तर वर्षानुवर्षं अखंड चाललेले सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावे लागतात, आणि खरी अडचण तिथेच उभी राहते. मशीन सुरू होतं, लॉगिन होतं, पण डेटाबेसची सर्व्हिस उठत नाही. पतसंस्था असो, कॉलेजचं प्रवेश कार्यालय असो की इस्पितळाचा नोंदणी कक्ष, काउंटरवर रांग वाढत जाते आणि आतल्या खोलीत एक अ‍ॅडमिन लाल अक्षरांकडे बघत बसतो.

अशा वेळी डोळ्यांपुढे एकच ध्येय असतं, कसंही करून डेटाबेस चालू करायचा. हा घात आहे. सुरू व्हायला नकार देणारा डेटाबेस बहुतेक वेळा आपला डेटा वाचवत असतो. त्याने नकाराचं कारण लिहून ठेवलेलं असतं. ते वाचलं तर दुरुस्ती कित्येकदा एका ओळीची निघते. न वाचता जबरदस्ती केली तर गेलेला डेटा परत मिळेलच असं नाही.

चूक जुनी, रीबूट नवा

आत्ताच्या अपग्रेडचंच उदाहरण घेऊ. २०१८ मध्ये ८.० आली तेव्हा पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदलली. जुन्या पीएचपी प्रोग्रॅमना ती झेपेना. मग अनेकांनी सेटिंगच्या फाइलमध्ये 'डिफॉल्ट ऑथेंटिकेशन प्लगइन'ची एक ओळ घालून जुनी पद्धत चालू ठेवली आणि ती ओळ विसरून गेले. ८.४ मध्ये हा पर्यायच काढून टाकलेला आहे. नवा सर्व्हर ती ओळ वाचतो, 'अननोन व्हेरिएबल' एवढं लिहितो आणि थांबतो. बायनरी लॉग किती दिवस ठेवायचे हे सांगणाऱ्या 'एक्स्पायर लॉग्ज डेज' या ओळीचंही तेच. अशी ओळ काढली, गरज असेल तिथे नवा पर्याय लिहिला, की सर्व्हर उठतो. मात्र जुन्या पद्धतीचे पासवर्ड असलेल्या युजरांसाठी वेगळी सोय करावी लागते, कारण ८.४ मध्ये ती पद्धत मुळात बंद ठेवलेली आहे.

हे सगळं आधी तपासता येतं. मायएसक्यूएल शेलमध्ये अपग्रेड चेकर आहे. ८.०.१६ या आवृत्तीपासून 'व्हॅलिडेट कॉन्फिग' हा पर्यायही आहे, सर्व्हर चालू न करता तो सेटिंगची फाइल तपासून देतो. दोन मिनिटांचं हे काम केलं तर सोमवारची सकाळ वाचते.

बूटच्या वेळच्या बिघाडांचा स्वभाव यातून कळतो. चूक घडते एका महिन्यात आणि दिसते दुसऱ्याच महिन्यात. कोणीतरी सेटिंगच्या फाइलमध्ये बदल केला पण सर्व्हर रीस्टार्ट केला नाही. कोणीतरी चालू सर्व्हरवर आदेश देऊन काम भागवलं पण फाइलमध्ये नोंद केली नाही. कोणीतरी सर्व्हिस हाताने सुरू केली, तिला 'एनेबल' करायचं राहिलं. सर्व्हर चालू आहे तोवर यातलं काहीच दिसत नाही. 'आमचा सर्व्हर ३ वर्षांत एकदाही बंद केलेला नाही' हे वाक्य अभिमानाने सांगितलं जातं. मला ते ऐकून काळजी वाटते, कारण ३ वर्षांचे न तपासलेले बदल त्याखाली साठलेले असतात.

हाताने चालतो, बूटला चालत नाही

दुसरा मोठा प्रकार क्रमाचा. आजच्या बहुतेक लिनक्स मशीनवर सर्व्हिस चालू करण्याचं काम सिस्टमडी करतो. लेनर्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये तो पुढे आणला. बूट लवकर व्हावं म्हणून तो जमेल तितक्या गोष्टी एकाच वेळी सुरू करतो. कोणी कोणासाठी थांबायचं हे आपण सांगितलं नसेल तर कोणीच थांबत नाही.

डेटाबेस एका ठराविक आयपी पत्त्यावर ऐकायला बसवला असेल आणि तो पत्ता मशीनला मिळायच्या आधीच डेटाबेस जागा झाला, तर तो पत्ता बांधता येत नाही अशी तक्रार करून बंद पडतो. दहा सेकंदांनी अ‍ॅडमिन हाताने सुरू करतो तेव्हा नेटवर्क आलेलं असतं, म्हणून सगळं सुरळीत चालतं. 'हाताने चालतो, बूटला चालत नाही' हे लक्षण दिसलं की पहिला संशय क्रमावर घ्यावा. सिस्टमडीमध्ये 'नेटवर्क टार्गेट' आणि 'नेटवर्क ऑनलाइन टार्गेट' अशा दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीचा अर्थ नेटवर्क तयार झालं असा होत नाही. ज्याला खरोखर पत्ता हवा त्याने दुसरीसाठी थांबावं.

डिस्कचं प्रकरण याहून गंभीर. डेटा वेगळ्या डिस्कवर असेल आणि ती जोडली जायच्या आत डेटाबेस उठला, तर त्याला रिकामी डिरेक्टरी दिसते. तो 'डेटा सापडत नाही' म्हणून थांबला तर नशीब समजा. घाबरलेल्या माणसाने तिथेच नवा डेटाबेस तयार केला तर गोंधळाला अंत नाही. म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसचं अधिकृत मार्गदर्शन सांगतं की डिस्क जिथे जोडली जाते त्याच डिरेक्टरीत थेट डेटा ठेवू नका, तिच्या आत एक वेगळी डिरेक्टरी करा. डिस्क नसेल तेव्हा ती डिरेक्टरीही नसते आणि डेटाबेस स्वच्छपणे नकार देतो. सिस्टमडीला 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' या एका ओळीत सांगताही येतं की ही डिस्क आल्याशिवाय हलू नकोस.

नव्वद सेकंदांचा फास

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेळेचं प्रकरण, आणि त्यासाठी सी. मोहन यांच्याकडे जावं लागतं. आयआयटी मद्रासमधून केमिकल इंजिनिअरिंग केलेला हा माणूस टेक्सासमध्ये डॉक्टरेट करून १९८१ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात गेला. १९९२ मध्ये त्यांनी चार सहकाऱ्यांसह 'एरीज' या पद्धतीवरचा ६९ पानी निबंध प्रसिद्ध केला. वीज गेली, मशीन पडलं, अर्धवट व्यवहार तसेच लटकले, तर डेटाबेसने पुन्हा उठताना काय करावं, याचं इतकं नेमकं उत्तर त्यात होतं की पुढच्या पिढ्यांतल्या डेटाबेसांच्या रचनेवर त्याची छाप राहिली.

पद्धतीचा गाभा आपल्या दुकानदारांना नवा नाही. आधी रोजकीर्द, मग खतावणी. डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो आणि मूळ फाइलमध्ये नंतर सावकाश उतरवतो. मधेच मशीन पडलं तर उठताना तीन कामं होतात. लॉग वाचून कुठपर्यंत काय झालं होतं ते ठरवायचं. मग नोंदलेले सगळे बदल पुन्हा करायचे, अर्धवट व्यवहारांचेसुद्धा. आणि शेवटी जे व्यवहार पूर्ण झालेच नव्हते ते उलट दिशेने पुसायचे. आधी सगळा इतिहास पुन्हा घडवायचा आणि मग नको तो भाग मागे घ्यायचा, ही मोहन यांची खरी झेप. प्रत्येक डेटाबेस हे शब्दशः करत नाही. पोस्टग्रेसला शेवटची पुसण्याची पायरी लागत नाही, तर मायएसक्यूएलचं इनोडीबी ती पायरी सर्व्हर उघडल्यावर मागच्या बाजूला करत राहतं. पण लॉगवरून सावरण्याचं तत्त्व तेच.

या सावरण्याला वेळ लागतो. लॉग मोठा असेल आणि डिस्क संथ असेल तर बराच वेळ लागतो. इकडे सिस्टमडी सर्व्हिसला सुरू व्हायला मुळात ९० सेकंद देतो. तेवढ्यात 'तयार आहे' असा निरोप आला नाही तर तो ती सर्व्हिस अडकली असं समजून मारतो. म्हणजे वीज गेल्यावर डेटाबेस इमानाने आपला हिशोब जुळवत बसलेला असतो आणि दीड मिनिटाने त्याला संपवलं जातं. पुन्हा सुरू, पुन्हा तेच काम, पुन्हा ९० सेकंद. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं डेटाबेस बिघडला. प्रत्यक्षात त्याला पूर्ण करू दिलं जात नसतं. पोस्टग्रेसच्या कागदपत्रांत याचा स्पष्ट इशारा आहे आणि ही मर्यादा 'इन्फिनिटी' ठेवा असं सुचवलेलं आहे. बऱ्याच तयार पॅकेजांत ही काळजी घेतलेली असते, पण स्वतः लिहिलेल्या सर्व्हिस फाइलमध्ये ती हमखास राहून जाते. लॉगमध्ये 'रिकव्हरी'चा उल्लेख दिसत असेल आणि डिस्क काम करताना दिसत असेल तर हात बांधून बसणं हीच दुरुस्ती आहे.

मदत म्हणून केलेलं नुकसान

घाईत केलेले उपाय नवे बिघाड निर्माण करतात. सर्व्हिस उठत नाही म्हणून रूट युजरने डेटाबेस थेट चालवला, की काही फाइली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात. मग मूळ कारण दूर झालं तरी डेटाबेसला स्वतःच्याच फाइली उघडता येत नाहीत. डेटा नव्या डिरेक्टरीत हलवला आणि परवानग्या बरोबर असूनही नकार येतो, तेव्हा एसईलिनक्स किंवा अ‍ॅपआर्मर हे लिनक्सचे सुरक्षारक्षक आडवे आलेले असतात. त्यांना नव्या जागेची ओळख करून द्यायची असते. ते कायमचे बंद करून टाकणं हे घराचं कुलूप काढून फेकण्यासारखं होईल.

डिस्क भरली म्हणून लॉग समजून हवं ते पुसण्याचा मोह सर्वांत महाग. पोस्टग्रेसमध्ये रोजकीर्दीच्या डिरेक्टरीचं नाव पूर्वी 'पीजी एक्सलॉग' होतं. नावात 'लॉग' दिसतं म्हणून लोक ती रिकामी करत आणि डेटाबेस कायमचा गमावत. शेवटी २०१७ मध्ये, आवृत्ती १० मध्ये, तिचं नाव 'पीजी वॉल' असं बदलावं लागलं. मायएसक्यूएलमध्ये 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' हा १ ते ६ पायऱ्यांचा पर्याय आहे. इंटरनेटवर तो सर्रास सुचवला जातो. ४ आणि त्यापुढच्या पायऱ्यांनी फाइली कायमच्या खराब होऊ शकतात, हा अधिकृत इशारा मात्र कोणी सांगत नाही. तो पर्याय वापरायचाच तर फाइलींची पूर्ण प्रत आधी बाजूला काढून, डेटा बाहेर काढण्यापुरताच वापरावा.

घाईचं असंच एक उदाहरण. प्रोग्रॅमचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री जे झालं ते तिने स्वतः जगापुढे मांडलं. दुय्यम डेटाबेस सर्व्हर मागे पडला होता. त्याला पुन्हा जोडण्यासाठी मुख्य सर्व्हरची एक सेटिंग बदलून पोस्टग्रेस रीस्टार्ट केला, तर तो उठेना. कनेक्शनची मर्यादा ८००० ठेवलेली होती. जवळपास वर्षभर तीच मर्यादा चालत होती. ती २००० वर आणल्यावर तो उठला. नंतर प्रत घेणारी कमांड काही न बोलता थांबून राहिली. जुन्या फाइली अडथळा करत असतील असं समजून एका अभियंत्याने डेटाची डिरेक्टरी पुसली, आणि ती चुकून मुख्य सर्व्हरवरची निघाली. सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले. रोजचे बॅकअप काम करत नव्हते, कारण बॅकअपचं साधन ९.२ चं आणि डेटाबेस ९.६ चा होता. ते अपयशी ठरल्याच्या ईमेलही पोचत नव्हत्या. सुमारे ६ तास आधी कोणीतरी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने कंपनी वाचली. कमांड थांबली होती ती मुख्य सर्व्हरची वाट बघत. थोडं थांबलं असतं तर चाललं असतं.

मग करायचं काय? क्रम ठरलेला असावा. आधी सिस्टमडीकडून सर्व्हिसची स्थिती विचारा. मग त्याच बूटचा जर्नल आणि डेटाबेसचा स्वतःचा एरर लॉग उघडा. सगळ्यात खालची ओळ वाचू नका. पुन्हा पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नांत सिस्टमडी शेवटी 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' असं लिहून थांबतो, आणि लोक तीच ओळ शोधत बसतात. खरं कारण वर, पहिल्या अपयशापाशी असतं. मग डिस्कवर जागा, फाइलींची मालकी, पोर्ट दुसऱ्याने धरलंय का, डिस्क जोडली गेलीय का, हे पाहा. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. डेटाच्या डिरेक्टरीतली एकही फाइल हलवण्याआधी तिची प्रत घ्या.

आणि एक मागणी संस्थाचालकांकडे. ८.४ च्या निमित्ताने सर्व्हर बंद करावा लागणारच आहे. तो कामकाजाच्या दिवशी न करता आधी जाहीर केलेल्या सुट्टीच्या दुपारी करा, बॅकअप दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष उघडून बघितल्यानंतर करा, आणि यापुढे दर ३ महिन्यांनी एकदा मुद्दाम रीबूट करा. अ‍ॅडमिनला त्यासाठी वेळ आणि अधिकार द्या. लोकांच्या ठेवी, गुणपत्रिका आणि औषधांच्या नोंदी या डेटाबेसमध्ये आहेत. हे डेटाबेस पुन्हा उठतील याची खात्री आपण आपल्या सोयीच्या वेळी करून घ्यावी, वीज जाईल त्या दिवसावर ती सोडू नये.