पेशींचे निरोप

पारनेर-श्रीगोंद्याच्या माळावर अनवाणी हिंडणाऱ्याला बाभळीचा काटा काही नवा नाही. काटा निघतो, पण नंतर ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. काट्यात तर विष नसते. मग हे सारे करते कोण? आपल्याच पेशी!

काट्याबरोबर जंतू आत शिरतात. तेथे असलेल्या महाभक्षी पेशी त्यांना ओळखतात आणि काही प्रथिने बाहेर सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. हे पेशींनी पेशींना धाडलेले निरोपच होत. कुलपाला किल्ली बसावी तसा ज्या पेशीवरील ग्राहकात निरोप बसेल, तिलाच तो कळतो. ‘टीएनएफ’ या निरोपाने जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात व पाझरू लागतात; म्हणून लाली आणि सूज. इंटरल्युकिन-८ पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावते. इंटरल्युकिन-६ मात्र दूरवर जाते. ते ताप चढवते आणि यकृताला सीआरपी नावाचे प्रथिन बनवायला लावते. (२०२१ साली घरोघरी ज्याच्या अहवालाची वाट पाहिली जाई, तेच हे सीआरपी!)

जंतू आटोक्यात आले की इंटरल्युकिन-१० सारखे निरोप सुटतात. ते सांगतात, ‘आता पुरे.’

पण हे ‘पुरे’ ऐकलेच गेले नाही तर?

२०२१ च्या एप्रिलात पारनेर तालुक्यातील भाळवणीला एका मंगल कार्यालयात कोविडच्या रुग्णांसाठी हजारावर खाटा मांडाव्या लागल्या. कोविड झालेल्या बहुतेकांचा ताप आला तसा उतरला. काहींच्या शरीरात मात्र निरोप थांबेनात. फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरल्या आणि हवेच्या जागी पाणी भरले. पायाला सोसते ती सूज फुप्फुसाला सोसत नाही.

डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड पुष्कळसे निरोप एकदम दाबते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष आला. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णांतील मृत्यू या औषधाने सुमारे एक-तृतीयांशाने घटले होते. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना मात्र काहीच लाभ झाला नाही. औषध तेच, पण वेळ चुकली! विषाणूशी झुंज चालू असताना हे निरोप हवेच असतात.

ही वेळ अनेकांनी पाळली नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात ‘काळ्या बुरशी’चे रुग्ण वाढले, त्यांत मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेले पुष्कळ होते. निरोप दबले, रक्तातली साखर चढली, आणि एरवी मातीत वाढणारी बुरशी नाकातून डोळ्यापर्यंत पोचली.