जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरची लिफ्ट : दोष व उपाय

इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९४६ ते १९५६ या काळांत फर्ग्युसन टी-ई २० जातीचे पांच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. त्यांपैकीं कित्येक अद्यापि चालू आहेत. लिफ्ट बिघडली म्हणजे मालक घाईनें वरचें झांकण उघडवितात, आणि ऐन नांगरणींत यंत्र मिस्त्रीच्या दारीं पडून राहतें. म्हणून आधीं बिनखर्ची तपासणी क्रमानें करावी.

लिफ्ट मुळींच उठत नसल्यास पी. टी. ओ.चा दांडा पाहावा. पंप त्याच्याच शाफ्टावर चालतो; दांडा सुटलेला किंवा क्लच दाबलेला असल्यास पंप थांबतो. नंतर तेल पाहावें. गिअरपेटी, मागील आंस व लिफ्ट यांचें तेल एकच असल्यानें तें कमी पडतांच लिफ्ट धक्के देते. तेल दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी शिरलें असें समजावें.

नांगराची खोली एकसारखी राहत नसेल, तर औजार सोडवून वरच्या दुव्यामागील स्प्रिंग तपासावी. जमीन कठीण लागतांच दुवा स्प्रिंगला दाबतो व नांगर किंचित् वर येतो. ही स्प्रिंग पुढेंमागें हलतां कामा नये, परंतु बोटांनीं फिरली पाहिजे. ढिली असल्यास तेवढाच खेळ घालवावा. अति आवळूं नये.

इंजिन चालू असतां उचललेलें औजार सारखें खालीं बसून पुन्हां उठत असेल, तर पिस्टनच्या कड्यांतून अगर झडपेंतून तेल गळत असावें. तेव्हांच झांकण उघडावें.

उचललेल्या औजाराखालीं कदापि हात घालूं नये. औजार जमिनीस टेकवून, इंजिन बंद करूनच दुरुस्ती आरंभावी.