महाविद्यालयात जाण्यापूर्वी विद्यार्थ्याचे स्वतःचे बँक खाते

बारावीची परीक्षा जवळ आली की घरोघरी चर्चा सुरू होते. कोणत्या शाखेला जावे, कोणत्या गावी शिकावे, खोली मिळेल की वसतिगृह, खानावळीचा खर्च किती येईल, या सर्व गोष्टींचा विचार पालक करतात. मात्र मुलाच्या किंवा मुलीच्या बँक खात्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत तोंडावर आल्यावर होतो. बँकेत कारकून म्हणून काम करीत असताना दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये ही धावपळ आम्ही काउंटरच्या आतील बाजूने पाहतो. खाते उघडणे हे एका दिवसाचे काम आहे, असा समज त्यामागे असतो. वस्तुस्थिती तशी नाही. म्हणूनच संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी या विषयाची थोडी तपशीलवार माहिती येथे देत आहोत.

आपले सिद्धेश्वर हे औंढा नागनाथ तालुक्यातील गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे सर्वदूर परिचित आहे. परंतु पदवीच्या शिक्षणासाठी येथील विद्यार्थ्याला औंढा, हिंगोली, वसमत, परभणी किंवा नांदेड गाठावे लागते. एस.टी.चा पास, खोलीची अनामत, खानावळीची आगाऊ रक्कम, वह्या-पुस्तके हा सर्व खर्च पहिल्याच महिन्यात अंगावर येतो. शिष्यवृत्ती मात्र अर्ज, महाविद्यालयाची तपासणी, समाजकल्याण विभागाची मंजुरी असे टप्पे पार करीत पुष्कळ उशिरा हाती पडते. खर्च आधी आणि पैसा नंतर, हीच आपल्या विद्यार्थ्याची खरी अडचण होय. मजुरी करणाऱ्या पालकाला हा मधला काळ निभावता आला नाही, की हुशार मुलाचेही शिक्षण थांबते.

शिष्यवृत्ती आणि खाते

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. पुढे अनेक वर्षे या शिष्यवृत्तीची रक्कम महाविद्यालयामार्फत मिळत असे. आता अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो आणि रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने या योजनेत केंद्राचा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के हिस्सा ठरविला आणि केंद्राचा हिस्सा सरळ विद्यार्थ्याच्या आधार संलग्न खात्यात देण्याची पद्धत आणली. या योजनेसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यावी. खात्यात येणाऱ्या रकमेत निर्वाह भत्ता असतो, तशीच महाविद्यालयाची फीही असते. निर्वाह भत्ता आपला आहे. फीची रक्कम महाविद्यालयाची आहे आणि ती सात दिवसांच्या आत भरावयाची असते. एकदम मोठी रक्कम दिसली म्हणून घरातील लग्नकार्य, दवाखाना किंवा बी-बियाणे यासाठी ती वापरली गेली, तर वर्षअखेरीस महाविद्यालयाची बाकी विद्यार्थ्याच्याच नावावर राहते.

निर्वाह भत्त्याची रक्कमही माहीत असावी. कला, वाणिज्य वा शास्त्र शाखेच्या पदवीसाठी घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यास तो वर्षाला ३,००० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्यास ६,००० रुपये आहे. महिन्याच्या हिशेबाने पहिला २५० रुपये पडतो. ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, अशा पात्र विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. त्यात हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यास भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ४३,००० रुपये मिळतात. ही रक्कमही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आधार संलग्न खात्यातच येते.

खाते कोणते उघडावे?

विद्यार्थ्याने मूलभूत बचत खाते मागावे. व्यवहारात यालाच आपण झिरो बॅलन्सचे खाते म्हणतो. जनधन खाते हे त्याच प्रकारातले. यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नसते, एटीएम कार्डाला वार्षिक आकार नसतो, पैसे कितीही वेळा भरता येतात आणि महिन्यातून किमान चार वेळा काढणे विनामूल्य असते. मात्र हे खाते असताना त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. ज्या खात्यास किमान शिलकेची अट आहे, त्यात दंड कापला जाऊन शिष्यवृत्तीतले पैसे जाण्याची शक्यता असते, म्हणून खाते उघडतानाच विचारून घ्यावे.

कागदपत्रे थोडीच लागतात. आधार कार्ड, पॅन कार्ड अथवा ते नसल्यास फॉर्म ६०, दोन फोटो आणि स्वतःचा मोबाईल क्रमांक. क्रमांक स्वतःचाच असावा, मामाचा किंवा झेरॉक्सच्या दुकानदाराचा नसावा, कारण व्यवहाराचा प्रत्येक संदेश आणि ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. आधारवरील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव तंतोतंत जुळते काय, हेही पाहावे. एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडकून पडतात आणि नाव दुरुस्तीला वेळ लागतो.

अनेक मुलांचे शाळेत असताना उघडलेले खाते असते. ते अज्ञान खातेदाराचे, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलाचे असते. वय अठरा पूर्ण होताच बँकेत जाऊन नवीन सही, फोटो व कागदपत्रे द्यावी लागतात. हे न केल्यास व्यवहार अडतो.

आधारची नोंद

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. खाते उघडताना आधार कार्ड दिले म्हणजे काम झाले, असे नाही. सरकारी रक्कम याच खात्यात यावी यासाठी आधारची वेगळी नोंद करावी लागते; तिला आधार सीडिंग म्हणतात. त्यासाठी बँकेत संमतीचा अर्ज द्यावा. एका आधार क्रमांकासाठी ही नोंद एका वेळी एकाच बँकेत असते आणि जी नोंद सर्वांत शेवटी झाली, ती चालते. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याने मोबाईलच्या दुकानात सहज म्हणून दुसरे खाते उघडले आणि तेथे संमती दिली, तर शिष्यवृत्ती त्या दुसऱ्या खात्यात जमा होते आणि विद्यार्थी पहिल्या बँकेत चकरा मारीत राहतो. आपले आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे, हे 'माय आधार' या संकेतस्थळावर पाहता येते. अर्ज भरण्यापूर्वी ते अवश्य पाहावे.

ओव्हरड्राफ्ट म्हणजे काय?

आपल्या खात्यात असलेल्या रकमेपेक्षा जास्त रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत काढण्याची सवलत म्हणजे ओव्हरड्राफ्ट. समजा खात्यात २०० रुपये आहेत आणि मर्यादा २,००० रुपयांची आहे, तर २,२०० रुपयांपर्यंत काढता येतात. जेवढी रक्कम आणि जेवढे दिवस वापरली, तेवढेच व्याज लागते. इंग्लंडमध्ये विद्यापीठात जाण्यापूर्वी विद्यार्थी बँकेत खास खाते उघडतात आणि त्यावर काही मर्यादेपर्यंत बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट मिळतो. शिक्षण संपल्यावर तो हळूहळू फेडावा लागतो. आपल्याकडे तशी सर्रास पद्धत नाही. आपल्या विद्यार्थ्याला त्याच्या जवळची सोय म्हणजे २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेतील ओव्हरड्राफ्ट होय.

या सोयीची मर्यादा २०१८ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपये करण्यात आली. २,००० रुपयांपर्यंत अटी ठेवलेल्या नाहीत. त्यापुढील रकमेसाठी खाते किमान सहा महिने समाधानकारक चाललेले असावे लागते. वय १८ ते ६५ च्या दरम्यान हवे. एका कुटुंबात ही सवलत एकाच व्यक्तीला, तीही शक्यतो घरातील स्त्रीला मिळते. अज्ञान खातेदाराला ओव्हरड्राफ्ट मिळत नाही. तसेच तो आपोआप मिळत नाही. शाखेत अर्ज करावा लागतो. आईच्या खात्यावर ही सवलत आधीच घेतलेली असेल, तर मुलाला ती मिळणार नाही. म्हणून घरात बसून ती कोणाच्या खात्यावर घ्यावी, हे आधी ठरवावे.

व्याजाचा हिशेब एकदा करून पाहावा. समजा २,००० रुपये द. सा. द. शे. १२ दराने ९० दिवस वापरले, तर व्याज सुमारे ५९ रुपये होते. हेच २,००० रुपये कोणाकडून महिना शेकडा पाच रुपयांनी घेतले, तर तीन महिन्यांचे व्याज ३०० रुपये होते. पहिला आकडा सोसता येतो. दुसरा मुलाच्या पुस्तकांचे पैसे खातो. तथापि ओव्हरड्राफ्ट हे कर्जच आहे, हे विसरू नये. येणार हे नक्की असलेल्या पैशाच्या भरवशावर, फॉर्म फी, पास, पुस्तके अशा अडलेल्या कामासाठीच तो घ्यावा. मोबाईल घेण्यासाठी घेऊ नये. शिष्यवृत्ती जमा होताच आधी ही बाकी भरावी. थकबाकीची नोंद राहते आणि पुढे शैक्षणिक कर्ज मागताना ती आड येते.

अभियांत्रिकी, औषधनिर्माण, परिचारिका अशा खर्चिक अभ्यासक्रमासाठी ओव्हरड्राफ्ट पुरणार नाही. तेथे शैक्षणिक कर्जाचाच मार्ग आहे. ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास साधारणतः तारण मागत नाहीत. पालक सहकर्जदार असतात. परतफेड शिक्षण संपल्यानंतर सुरू होते, परंतु व्याजाची आकारणी मात्र मधल्या काळातही चालू असते.

सहा महिने आधी का?

वरील सर्व माहितीवरून एक गोष्ट स्पष्ट होते. जुलैमध्ये घाईने उघडलेल्या खात्यावर आधारची नोंद व्हायची असते, नावातील चूक निघायची असते आणि त्यावर सहा महिन्यांचा व्यवहारही नसतो. म्हणजे ज्या महिन्यात आधाराची गरज आहे, त्याच महिन्यात खाते कामास येत नाही. तेच खाते बारावीच्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत उघडले, दरमहा शंभर-दोनशे रुपये का होईना भरले आणि गरजेपुरते काढले, तर जूनपर्यंत खाते चालू स्थितीत राहते, नोंदी पूर्ण झालेल्या असतात आणि अडचणीला थोडी शिल्लकही असते. जी शिल्लक आपली आहे, तिला व्याज द्यावे लागत नाही. ओव्हरड्राफ्टपेक्षा ती केव्हाही बरी.

खाते सांभाळणे

दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार न झालेले खाते बँक निष्क्रिय करते. शिष्यवृत्ती व सरकारी लाभासाठी उघडलेल्या खात्यांना रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२४ पासून यातून वगळले आहे. तरीही केवायसीची कागदपत्रे वेळेवर द्यावीत. गावातील ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढले, तर पावती घ्यावी आणि उरलेली शिल्लक तेथेच वाचून घ्यावी. पैसे न देता अंगठा पुन्हा मागितला, तर आधीचा व्यवहार झाला की नाही, हे प्रथम विचारावे.

एक इशारा विशेषतः तरुण मुलांसाठी आहे. "तुझे खाते आणि एटीएम कार्ड दोन महिने वापरायला दे, पाच हजार देतो", असे सांगणारे लोक शहरात भेटतात. अशा खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरविला जातो. पोलीस प्रथम खातेदारालाच शोधतात, खाते गोठते आणि शिष्यवृत्तीही त्यातच अडकते. आपले खाते कोणालाही भाड्याने वा उसने देऊ नये. स्वतःची फसवणूक झाली, तर त्वरित १९३० या क्रमांकावर कळवावे. बँकेविषयी तक्रार असल्यास ती प्रथम बँकेत लेखी द्यावी व पोच घ्यावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

शेवटी संस्थेच्या सभासदांना एक विनंती. आपल्यापैकी कितीतरी जण बँकेत, शाळेत, तहसील कार्यालयात नोकरीस आहेत. दरवर्षी जानेवारीतील दोन रविवार आपण बारावीच्या मुलांसाठी द्यावेत. कोणाचे खाते नाही, कोणाचे नाव जुळत नाही, कोणाचे आधार कोठे जोडले आहे, कोणाचे वय अठरा पूर्ण झाले आहे, एवढे चार रकाने असलेली यादी करावी आणि पुढच्या आठवड्यात त्या मुलांसोबत शाखेत जावे. पहिल्यांदा बँकेची पायरी चढणाऱ्या मुलीसोबत माहितगार माणूस उभा असला, की तिला परत फिरावे लागत नाही. या कामाला वर्गणी लागत नाही, सभामंडपही लागत नाही. आम्ही आमच्या परीने त्यासाठी तयार आहोत.