दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरचा गुडघा

गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बाहेर दिसतात ती जेमतेम दोन-तीन लहान छिद्रे. मी त्यांनाच फसलो. मेनिस्कस या कूर्चेची फाटलेली कड कापून काढली होती. दुसऱ्या दिवशी काठीच्या आधाराने चालू लागलो आणि दहाव्या दिवशी सामायिकासाठी चक्क मांडी घालून बसलो. 48 मिनिटे पूर्ण होण्याआधीच गुडघा टम्म सुजला.

कड नुसती कापली असल्यास बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांत नेहमीची कामे जमू लागतात. ती शिवली असल्यास उकिडवे बसणे काही महिने वर्ज्य असते. आपले नेमके काय केले, हे घरी परतण्यापूर्वीच विचारावे. मी विचारले नव्हते. कागद वाचल्याविना कधी सही न करणारा बँकेचा अधिकारी मी!

मग खुर्चीवर सामायिक, कापडात गुंडाळलेला बर्फ आणि मांडीचा स्नायू पाच-पाच सेकंद आवळून धरण्याचा कंटाळवाणा, परंतु खरा उपयोगी व्यायाम. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा. पोटरी सुजून दुखू लागली किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आठव्या आठवड्यात, डॉक्टरांच्या अनुमतीने, पाच मिनिटे मांडी घातली. सौ.ने खुर्ची अद्याप जागची हलविलेली नाही.