निगेटिव्ह मार्किंग संपल्यानंतर

नीटच्या तयारीत मुलांच्या अंगात एक सवय मुरते. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्या उत्तराला वजा एक. खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्यायचा, गोळा काळा करायचा नाही. परीक्षेपुरती ही सवय योग्यच आहे. पण त्यानंतरच्या दोन टप्प्यांवर, म्हणजे प्रवेशाचा अर्ज भरताना आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात, तीच सवय आड येते.

आधी प्रवेशाचं पाहू. नीटमध्ये ‘पात्र’ ठरणं आणि जागा मिळणं यांत मोठं अंतर आहे. खुल्या प्रवर्गासाठी पात्रता ५० पर्सेंटाइलची असते. म्हणजे परीक्षेला बसलेल्या साधारण निम्म्या मुलांच्या वर असलं की झालं. सरकारी जागेसाठी त्याच्या खूप पुढे जावं लागतं. निकाल एकच असला तरी प्रवेशाचे दरवाजे दोन आहेत. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी, भरते. एम्स आणि अभिमत विद्यापीठंही तिच्याकडेच येतात, त्यामुळे नागपूरचं एम्स महाराष्ट्रात असलं तरी राज्याच्या यादीत सापडत नाही. उरलेल्या ८५ टक्के जागा आणि राज्यातली खासगी महाविद्यालयं मुंबईच्या सीईटी सेलकडे असतात. त्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते आणि अधिवासाचा दाखला लागतो. दोन्हीकडे नोंदणी वेगवेगळी करायची असते. एकीकडे केली म्हणून दुसरीकडे आपोआप होत नाही.

पूर्वी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या विभागांत ७०:३० प्रमाण होतं: ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरातल्या मुलांना. ती पद्धत २०२० मध्ये रद्द झाली. तरीही ‘आपल्याला मुंबई मिळायची नाही’ असा जुन्या हिशेबाचा सल्ला घरात अजून मिळतो. आज लातूरची मुलगी केईएमच्या जागेसाठी मुंबईच्या मुलीच्या बरोबरीने उभी असते.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, पसंतीक्रम. तो कसा वाचला जातो हे समजलं की अर्धी भीती जाते. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करतो. तुमची पाळी आली की तो तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या प्रवर्गात तुम्हाला मिळू शकणारी जी पहिली जागा शिल्लक असेल ती देतो. वरची पाच महाविद्यालयं भरून गेली असतील तर तो सहाव्यावर येतो. ती पाच वर लिहिल्याबद्दल तुमचं काहीच कमी होत नाही आणि सहाव्या जागेवरचा तुमचा हक्कही ढळत नाही. इथे निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणून मागच्या वर्षीचे कटऑफ पाहून, ‘हे आपल्या आवाक्यात नाही’ म्हणत नावं गाळू नयेत. मनापासून हवं ते वर, त्याखाली त्याहून कमी हवं ते, या क्रमानं लिहावं. काळजी यादीच्या खालच्या टोकाला घ्यायची: जिथे जायचंच नाही, किंवा जिथली फी झेपणार नाही, असं नाव लिहू नये, कारण ते मिळू शकतं.

पुढच्या फेरीत आणखी एक मेख आहे. मिळालेल्या जागेवर प्रवेश घेऊन चांगल्या जागेची वाट पाहता येते. राज्याच्या प्रक्रियेत मिळालेली जागाच कायम हवी असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरावा लागतो. वाट पाहणाऱ्याला पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते. दोन्ही हातात ठेवून निवडता येत नाही. त्यामुळे वाट पाहायची असेल तर हातातल्या जागेपेक्षा खरोखर चांगली वाटणारीच नावं पुढच्या यादीत ठेवावीत. कुठल्या फेरीनंतर जागा सोडता येत नाही, दंड किती, हे नियम बदलत असतात. त्या वर्षीची माहिती पुस्तिका आई-वडिलांसोबत बसून ओळीनं वाचावी. क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विसंबू नये.

कागदपत्रांबद्दल एवढंच सांगतो: जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून ते काम अकरावीतच सुरू करावं. नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्याची मुदतही तपासून घ्यावी.

प्रवेश झाला की पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय: शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. सगळ्यांच्या बोलण्यात मात्र अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी आणि बायोकेमच. सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो. त्यात बाहेरच्या राज्यांतून आलेल्या मुलांना मराठीचीही तोंडओळख करून देतात, कारण वॉर्डातल्या आजीला ‘कुठं दुखतंय?’ हे तिच्याच भाषेत विचारावं लागतं. मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजीला दबलेल्या मुलांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. जे इतरांना शिकावं लागतं, ते त्यांच्याकडे आधीच आहे.

मग डिसेक्शन हॉल. देहदात्यासमोर शपथ घेऊन काम सुरू होतं. फॉर्मालिननं डोळे चुरचुरतात, पाणी येतं. त्याची काही दिवसांत सवय होते. एकेका टेबलावर मुलांचा गट असतो. बहुतेक ठिकाणी हातापासून, म्हणजे अप्पर लिंबपासून, सुरुवात होते आणि काखेत शिरल्यावर ब्रेकियल प्लेक्ससची गाठ पडते. पाच मज्जामुळं, सी-५ ते टी-१, एकत्र येतात, पुन्हा फुटतात आणि हाताच्या नसा बनतात. पुस्तकातली आकृती स्वच्छ असते. टेबलावर चरबीतून एकेक दोरी सोडवावी लागते. हिस्टॉलॉजीची वही गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींनी भरते. फिजिओलॉजीच्या प्रयोगात स्वतःच्याच बोटाला टोचून रक्तपेशी मोजायच्या असतात.

एक भाग संपला की व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. हुशार मुलं गप्प होतात ती इथे. सरांनी हाड हातात दिलं आणि ‘हे कुठल्या बाजूचं?’ विचारलं की दोन वर्षं मुरलेली सवय घसा धरते: खात्री नाही, सोडून द्या. पण व्हायवात न बोलणं हे सगळ्यात वाईट उत्तर आहे. हाड फिरवावं, सांध्याचा भाग दाखवावा आणि ‘हा पुढे येतो, म्हणून उजवं असावं’ एवढं बोलावं. परीक्षकाला विचारांची वाट दिसते आणि चूक असली तर तो तिथेच सुधारतो. लेखी परीक्षेतही चार पर्याय मुख्य नसतात. दीर्घोत्तरं लिहायची असतात, आकृती काढायची असते. यावर मला माहीत असलेला एकच उपाय खात्रीचा आहे: रोज संध्याकाळी टेबलमेटला त्या दिवसाचा भाग मोठ्यानं समजावून सांगणं, मराठी-इंग्रजी मिसळून का होईना.

याच वर्षी दत्तक कुटुंब योजनेत गावातल्या घरांशी नातं जोडायचं असतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हे फार जुनं आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेतली मुलं गावात शिबिराला राहतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं त्याच धर्तीची योजना अलीकडे सगळीकडे आणली. रक्तदाब मोजणं, लसीकरणाची नोंद पाहणं एवढंच काम असलं, तरी अनोळखी माणसाशी बोलायला लावणारा दुसरा वर्ग पहिल्या वर्षात नाही.

आणि वर्षाअखेरीस एखादा विषय राहिलाच, तर लवकरच पुरवणी परीक्षा असते. त्यात पास झालं की मूळ बॅचसोबतच पुढे जाता येतं. हॉस्टेलमधल्या नापासांच्या रात्री हे कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं, म्हणून लिहिलं.