ऐच्छिक विषयालाही तेवढेच वजन

कोल्हापुरात बी.कॉम., बीबीएला प्रवेश घेताना एक समज हमखास ऐकू येतो: ऐच्छिक विषय नावापुरता, त्याचे गुण कोण धरतो? प्रत्यक्षात त्याचे श्रेयांक (अभ्यासभाराचे एकक, वर्गातील 15 तासांना साधारण एक) पदवीत मोजले जातात. हे थाळीसारखेच: सोबत भाकरी की चपाती, हे आपण सांगतो. बिल मात्र तेच राहते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात खुला ऐच्छिक विषयही आला. तो वाणिज्य शाखेबाहेरचा घ्यायचा असतो. कोणताही ऐच्छिक विषय मित्राने घेतला म्हणून आपणही घ्यायचा, यात नोट्सची सोय होते, एवढेच. घरचा गुळाचा, चपलांचा किंवा फौंड्रीचा धंदा पुढे चालवायचा असेल, तर वाणिज्य शाखेतल्या ऐच्छिक विषयांपैकी विपणन (माल बाजारात पोहोचवून खपवण्याचे शास्त्र) किंवा करआकारणी अधिक कामी येईल. अर्ज भरण्याआधी महाविद्यालयात एवढे जरूर विचारा: यादीतला आपण निवडलेला विषय यंदा खरोखर शिकवला जाणार आहे का?