वेचणीच्या दिवसांतला दवाखाना

सकाळी ८. नोव्हेंबर, कापूस वेचणीचे दिवस. परभणीत मी हाडे, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांवर फिजिओथेरपी करतो. पदवीची साडेचार आणि पदव्युत्तर दोन वर्षे त्यातच गेली. रुग्ण येण्याआधी कालच्या नोंदी वाचतो: कोणाचा हात किती वर गेला, कोणाला पाय उचलताना कुठे कळ आली.

९. गंगाखेडहून रेल्वेने आलेले काका. मधुमेह जुना, उजवा हात सदऱ्याच्या बाहीत जात नाही. आखडलेला खांदा मधुमेहींत जास्त आढळतो आणि मोकळा व्हायला वर्ष-दीड वर्षही लागते. हे पहिल्याच दिवशी सांगतो. चार दिवसांत बरे करण्याचा शब्द दिला, तर पाचव्या दिवशी माणूस येत नाही.

साडेदहा. मानवतकडच्या मावशी एमआरआयचे पाकीट पुढे करतात. "सर, मणक्यात गॅप हाय म्हणतेत. मशीन लावा, शेक द्या."

"मावशी, आधी वेचून दाखवा बरं."

त्या लाजतात, मग वाकून दाखवतात. कमरेची ओटी भरत जाते तसे ओझे पुढे ओढते. मजुरी किलोवर, म्हणून ओटी रिकामी करायला जाण्यात वेळ घालवत नाहीत. एमआरआयमधली फुगलेली चकती कंबर न दुखणाऱ्यांतही दिसते, हे त्यांना समजावतो. मग दोनच गोष्टी सांगतो. ओटी अर्धी भरली की रिकामी करायची. पातीच्या टोकाला पोचल्यावर कमरेवर हात ठेवून पाचदा मागे वाकायचे. दहा व्यायाम दिले तर एकही होत नाही.

दुपारी १. मुलाने वडिलांना धरून आणले आहे. पाऊल उचलत नाही, लघवी तुंबली आहे, बसायची जागा बधिर झाली आहे. इथे व्यायाम नाही, शेक नाही. मणक्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जुडगा दबल्याची ही लक्षणे. एकेक तास मोलाचा. चिठ्ठी लिहितो, सर्जनला फोन करतो, गाडी निघेपर्यंत दारात थांबतो.

४. गुडघ्यांची रांग. मांडीचे स्नायू बळकट करायचे. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठबस.

साडेसहा. ऊसतोडीला निघालेले जोडपे. कोयता धरून तिचे कोपर दुखते. उचल घेतलेली, टोळी पहाटे निघणार. सहा महिने भेट नाही. कोपराला पट्टा बांधायला आणि मनगटाचा व्यायाम करायला शिकवतो. नवरा मोबाइलवर चित्रण करून घेतो.

रात्री ९. नोंदी लिहून दवाखाना बंद.

माझ्याकडे रुग्ण अर्धा तास असतो. उरलेले साडेतेवीस तास शरीर त्याच्या कामात आणि घरात असते. म्हणून फिजिओथेरपिस्टकडे जाताना रिपोर्ट न्याच, पण तुम्ही काम कसे करता, तेही करून दाखवा.